गोल्फ बेतानेच खेळावा

गोल्फच्या पहिल्या सहलीला निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांचा कधी तुटवडा पडत नाही. चेंडू किती डझन घ्यावेत, ग्लोव्ह किती, विमानात बॅग कशी बांधावी, पट्टा गुडघ्याला लावावा की कमरेला, या प्रत्येक विषयावर ज्याने आयुष्यात एकदाच ड्रायव्हिंग रेंजवर बादलीभर चेंडू मारले आहेत तोही अधिकारवाणीने बोलतो. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सहल गोल्फची आहे, तेव्हा तिथे गेल्यावर उजाडल्यापासून मावळेपर्यंत गोल्फ खेळायचा. माझं भांडण या गृहीतकाशी आहे. पहिल्या सहलीत माणसाने गोल्फ शक्य तितका कमी खेळावा, असं माझं ठाम मत आहे. चार दिवसांच्या मुक्कामात तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या; दोनच झाल्या तर फारच छान. उरलेल्या वेळात खावं, लोळावं, समुद्र बघावा आणि कालच्या एकमेव बऱ्या फटक्याचं सविस्तर वर्णन करावं. हे मत आळशी माणसाचं वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणून ते पुराव्यानिशी मांडतो, आणि पुराव्यासाठी ठिकाणही असं घेतो की जिथे कमी गोल्फ खेळणं सगळ्यात अवघड आहे.

ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातलं मर्टल बीच. लिटल रिव्हरपासून खाली जॉर्जटाउनपर्यंत अटलांटिकचा सुमारे ६० मैलांचा वाळूचा किनारा आहे, त्याला ग्रँड स्ट्रँड म्हणतात. या एका पट्ट्यात ८० च्या वर गोल्फ कोर्स आहेत. भरभराटीच्या काळात ते शंभरावर गेले होते. पुढे जमिनीचे भाव चढले आणि काही कोर्सवर घरं उभी राहिली. शार्लट, रॅले, केरी इथल्या मराठी मंडळींना हे गाव चांगलं ठाऊक आहे, कारण तीन-चार तास गाडी हाकली की समुद्र लागतो. मुलं लहान असताना हे लोक तिथे बादली-फावडं घेऊन जातात. चाळिशीनंतर, ऑफिसातल्या साहेबाच्या नादाने हातात क्लब आला की तेच लोक त्याच गावी बॅग घेऊन जातात. चौघांचा गट जमतो, कोणीतरी एक्सेल शीट बनवतं, चिवड्याचे आणि भाकरवडीचे डबे डिकीत बसतात. आणि मग पॅकेज निवडायची वेळ येते. तीन रात्री, चार फेऱ्या. चार रात्री, पाच फेऱ्या. काही पॅकेजांत न्याहारी, दुपारचं खाणं आणि वर दोन बिअरसुद्धा. शिवाय 'रिप्ले' नावाची सोय असते. सकाळची फेरी संपली की त्याच दिवशी दुसरी फेरी स्वस्तात. इथेच चांगली शिकलेली, घरच्या कर्जाचे हप्ते बिनचूक भरणारी माणसं विवेक गमावतात.

ही सोय इतकी उदार का, याचं उत्तर गावाच्या इतिहासात आहे. १९२६ मध्ये ग्रीनव्हिलच्या जॉन वुडसाइड नावाच्या कापड गिरणीवाल्याने इथे हजारो एकर जमीन घेतली आणि श्रीमंतांसाठी मोठं विश्रामस्थान उभारायचा घाट घातला. त्यासाठी १९२७ मध्ये पहिला गोल्फ कोर्स झाला, तोच आजचा पाइन लेक्स. तो आखणारा रॉबर्ट व्हाइट हा खास स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूजचा, आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष. म्हणजे मुहूर्त चांगला होता. पण १९२९ ची मंदी आली आणि वुडसाइड बुडाले. पुढे १९५४ च्या ऑक्टोबरात हेझल नावाचं चक्रीवादळ या किनाऱ्यावरची घरं आणि हॉटेलं धुऊन घेऊन गेलं. त्यानंतर नव्याने मोटेलं उभी राहिली आणि त्यांच्या मालकांपुढे एक साधा प्रश्न उभा राहिला. उन्हाळ्यात कुटुंबं येतात, खोल्या भरतात. बाकीचे महिने काय करायचं? समुद्रात उतरायला मार्चमध्ये कोणी तयार नसतं, पण मार्चमध्ये गोल्फ खेळायला उत्तरेतली गारठलेली माणसं एका पायावर तयार असतात. १९६७ मध्ये हॉटेलवाले आणि कोर्सवाले एकत्र आले, खोली आणि खेळ एका पावतीवर विकू लागले, आणि गोल्फ पॅकेजचा धंदा मार्गी लागला. यात गैर काही नाही. फक्त पाहुण्याने एवढं ध्यानात ठेवावं की इथला गोल्फ रिकाम्या खाटा भरण्यासाठी फोफावला आहे. दुपारी दोनची रिकामी टी टाइम, म्हणजे फेरी सुरू करायची ठरलेली वेळ, ही सुटलेल्या एसटीतल्या रिकाम्या सीटइतकीच निरुपयोगी. तुमची स्वस्तातली दुसरी फेरी ती सीट भरते. तुमच्या खेळाचं भलं व्हावं हा त्यामागचा हेतू नाही.

आता दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे नेमकं काय, ते पाहू. ज्यांचं पोट या खेळावर चालतं ते लोक स्पर्धेत चार दिवसांत ७२ होल खेळतात, म्हणजे दिवसाला १८. मर्टल बीचच्याच ड्यून्स क्लबवर २०२४ पासून पीजीए टूरची स्पर्धा भरते. त्यात उतरणारी मुलं तालमीत कमावलेली, सोबत बॅग उचलायला कॅडी, आणि तीही रोज एकच फेरी खेळतात. बरं, ही व्यावसायिकांची चैन म्हणावी, तर याच गावात १९८४ पासून हौशी खेळाडूंची एक मोठी वार्षिक स्पर्धा होते. तिच्यात तुमच्या-आमच्यासारखे हजारो लोक आपापल्या हँडिकॅपनुसार, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीनुसार, उतरतात. तीही चार दिवस, दिवसाला एक फेरी. यूएस ओपनमध्ये पूर्वी शेवटच्या दिवशी ३६ होल खेळवत असत. १९६४ साली वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर त्या दिवशी असा उकाडा झाला की केन व्हेंच्युरी मधल्या सुट्टीत अक्षरशः आडवा झाला. डॉक्टरांनी पुढे खेळू नको म्हणून सांगितलं. तो खेळला, डॉक्टर त्याच्याबरोबर चालत राहिले, आणि तो जिंकलाही. पण पुढच्या वर्षापासून आयोजकांनी स्पर्धा चार दिवसांत वाटून टाकली. व्हेंच्युरी तेव्हा ३३ वर्षांचा होता. आपली सरासरी पंचेचाळीस, आपल्या मागे डॉक्टर चालत नाहीत, आणि शेवटी चषकही मिळणार नसतो. तरीही 'रिप्ले आहे का?' हा प्रश्न आपण काउंटरवर छाती पुढे काढून विचारतो.

शिवाय व्हेंच्युरीला १८ होलांना सत्तरच्या आसपास फटके लागत. नवशिक्याला शंभराच्या वर लागतात. एकशे दहा धरू. त्यातले चाळीसेक पट, म्हणजे भोकाजवळचे हलके फटके, म्हणून सोडून दिले, तरी पूर्ण ताकदीचे सत्तर झटके उरतात. प्रत्येक फटक्याआधी हवेत एक रंगीत तालीम करायची रीत आहे, त्यामुळे सत्तरचे एकशे चाळीस होतात. दोन फेऱ्यांचे दोनशे ऐंशी. हे सारे फिरकीचे झटके बसतात कोणाला, तर वर्षातले अकरा महिने लॅपटॉपपुढे अर्धवर्तुळात विसावलेल्या कण्याला. वसंतातल्या गर्दीत एक फेरी पाच तासांची होऊ शकते. दोन फेऱ्यांचे दहा तास, मध्ये घाईघाईत खाल्लेलं सँडविच, आणि येण्याजाण्याचा वेळ वेगळा. संध्याकाळी हा माणूस हॉटेलच्या पलंगावर बसून स्वतःचे मोजे काढण्यासाठी मदत मागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सव्वासातची टी टाइम असते, आणि ती आपणच हौसेने घेतलेली असते, हे त्याला दारावर टकटक झाल्यावर आठवतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्या रक्तातूनच येतो. पैसे भरलेत ना, मग वसूल नको व्हायला? महाबळेश्वरला गेलेलं मराठी कुटुंब जसं धुक्यात काही दिसत नसतानाही टॅक्सीवाल्याच्या यादीतले सगळे पॉइंट पुरे करून घेतं, तशीच ही चौकडी पाठ धरून, कण्हत, पण पावतीवरची शेवटची फेरी पुरी करते. यावर माझं उत्तर हिशेबाचंच आहे. भरलेले पैसे खेळलात तरी गेले, नाही खेळलात तरी गेले. आता ठरवायचं एवढंच, की पुढचे पाच तास कशात घालवले तर जास्त सुख मिळेल. दुसऱ्या फेरीच्या बाराव्या होलावर, वाळूच्या खड्ड्यात, सहाव्यांदा तोच फटका मारताना मिळणाऱ्या आनंदाची किंमत ज्याची त्याने काढावी. वर दुसऱ्या फेरीत हरवलेले सात-आठ चेंडू, गाडीचं भाडं आणि वाटेत येणाऱ्या पेयांच्या गाडीला दिलेली टिप मांडली, म्हणजे स्वस्तातली फेरी किती स्वस्त होती ते कळतं. पॅकेज निवडतानाच एक फेरी कमी असलेलं निवडावं, म्हणजे हा मोहच उरत नाही. ज्याला कमी फेऱ्यांचं पॅकेज मागायला लाज वाटते त्याने पाठीचं दुखणं सांगावं. परतीच्या वाटेवर ते खरंही ठरतं.

कमी खेळायचं ठरलं की कुठे खेळायचं हा प्रश्न सोपा होतो. एक कोर्स नावाजलेला घ्यावा आणि एक-दोन सोपे. नावाजलेला कशाला, तर घरी सांगायला. निवडक हॉटेलांत उतरणाऱ्यांना ड्यून्स क्लबवर खेळता येतं. रॉबर्ट ट्रेंट जोन्स या नामवंत आखणीकाराने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आखलेला हा कोर्स. त्याचा तेरावा होल 'वॉटरलू' म्हणून प्रसिद्ध आहे. टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, उभं राहिलं की समोर फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताची वाट, सरळ जाताना दिसते आणि शेवटी सिंगलटन तळ्याच्या कडेने उजवीकडे जवळजवळ काटकोनात वळते. भोक असलेली ग्रीन तळ्यापलीकडे. पहिला फटका कोपऱ्यापर्यंत गेला तर दुसऱ्यासाठी पाण्यावरून किती कापायचं ते ठरवायचं असतं. थोडं कापलं तर ग्रीन लांब राहते, जास्त कापलं तर चेंडू पाण्यात. नेपोलियननेही या जागी बहुधा बुडवायला जुना चेंडू खिशातून काढला असता. नवशिक्याने इथे करायची गोष्ट म्हणजे तळ्याकडे पाठ करून छोट्या-छोट्या फटक्यांनी कडेकडेने जाणं. सहा-सात फटक्यांत होल पुरा होतो, चेंडू शिल्लक राहतो आणि घरी सांगताना 'वॉटरलू कोरड्या पायांनी पार केलं' असं म्हणता येतं. फटक्यांची संख्या कोणी विचारत नाही.

सोपा कोर्स ओळखायची खूण स्कोअरकार्डावर छापलेली असते, फक्त ती वाचायची सवय नसते. प्रत्येक टीपुढे 'स्लोप' म्हणून एक आकडा असतो. तो ५५ ते १५५ च्या मधे कुठेही असू शकतो आणि ११३ हा मधला धरतात. आकडा जितका मोठा, तितका तो कोर्स कच्च्या खेळाडूला पक्क्या खेळाडूपेक्षा जास्त छळतो. १४० च्या घरातला आकडा दिसला की एक टी पुढे सरकावं. इथे पुरुषांचा अहंकार आडवा येतो. मागच्या टीवरून कोर्स सात हजार यार्डांचा असतो, पुढच्यांवरून साडेपाच हजार. 'पुढून खेळतो' म्हणायला जीभ रेटत नाही. वास्तविक अमेरिकेतल्याच गोल्फ संस्थांनी २०११ मध्ये 'पुढच्या टीवरून खेळा' अशी मोहीम काढली होती, कारण लोकांच्या अहंकारापायी सगळ्या देशातल्या फेऱ्या रेंगाळत होत्या. पुढच्या टीवरून खेळण्याने दीड हजार यार्ड वाचतात. ते दीड हजार यार्ड म्हणजे तुम्ही न मारलेले दहा-पंधरा फटके. कमी खेळण्याचा याहून सभ्य मार्ग नाही.

पाण्याचा विषय निघाला आहे तर त्यात राहणाऱ्यांविषयीही बोलायला हवं. या किनाऱ्यावरच्या गोल्फ कोर्सच्या तळ्यांत अ‍ॅलिगेटर, म्हणजे मगरीचे भाऊबंद, असतात. सकाळच्या उन्हात एखादा सात-आठ फुटांचा प्राणी काठावर इतका निश्चल पडलेला असतो की तो कोर्सवाल्यांनी शोभेला ठेवलाय असं वाटावं. आपला चेंडू त्याच्यापासून चार पावलांवर असला की मग तो शोभेचा वाटत नाही. गोल्फच्या नियमपुस्तकाने याची दखल घेतली आहे. विषारी साप, मधमाश्या, अ‍ॅलिगेटर असा धोकादायक प्राणी जवळ असेल तर चेंडू दंडाशिवाय सुरक्षित जागी टाकता येतो. मात्र चेंडू तळ्याच्या हद्दीत असेल तर फुकट सुटका त्याच हद्दीत घ्यावी लागते. हद्दीबाहेर यायचं असेल तर एका फटक्याचा दंड आहे. म्हणजे मगरीची सबब काही अंतरापर्यंतच चालते. चार डॉलरच्या चेंडूसाठी दुर्बिणीसारखी लांब होणारी काठी घेऊन पाण्याच्या काठावर वाकणारे लोक असतात. अशा वेळी तो चेंडू दान केला असं समजून मागे फिरावं. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, हा नियम पुण्यवान माणसांनी केला आहे. त्या प्राण्याला भाकरवडी टाकायचा मोहसुद्धा आवरावा. अ‍ॅलिगेटरला खायला घालणं साउथ कॅरोलायनात बेकायदा आहे.

काळाचं आणि अंतराचं गणितही कमी खेळण्याच्याच बाजूने बोलतं. वसंत आणि शरद हे इथले खेळाचे मोसम. तेव्हा हवा उत्तम, दर चढे आणि कोर्सवर रांग. उन्हाळ्यात दर उतरतात, पण दुपारी गडगडाट होतो. विजेचा भोंगा वाजला की आहे तिथून निघायचं, मग तुम्ही आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करत असलात तरी. उन्हाळ्यातच ग्रीनला भोकं पाडून वाळू पसरतात, मुळांना हवा मिळावी म्हणून. ते गवताला मानवतं, पण चेंडू पटीत उड्या मारत जातो. पैसे भरण्याआधी 'ग्रीन कधी टोचल्यात?' एवढं विचारून घ्यावं. हिवाळ्यात इथलं बर्म्युडा गवत पिवळं पडून झोपी जातं, त्यावर काही ठिकाणी शरदात राय गवत पेरतात. त्या दिवसांत गाडी फेअरवेवर नेऊ देत नाहीत. मग गाडी वाटेवर, चेंडू पलीकडे, आणि आपण हातात तीन क्लब घेऊन मधे पळतोय, असा प्रकार होतो. अंतराचं म्हणाल तर साठ मैलांचा किनारा एका महामार्गावर, सतरा नंबरवर, ओवलेला आहे, आणि मोसमात त्यावर सिग्नलमागून सिग्नल लागतात. सकाळी उत्तर टोकाला आणि दुपारी दक्षिण टोकाला पॉलीज आयलंडवर, असं ज्याने शीटमध्ये लिहिलंय त्याच्या हातून ती शीट काढून घ्यावी.

दुसरा आक्षेप शहाण्यांचा असतो. पुष्कळ खेळल्याशिवाय खेळ सुधारणार कसा? सुधारणा ही थकलेल्या शरीराने केलेल्या पुनरावृत्तीतून होत नाही. थकल्यावर शरीर सोयीचं ते करतं, आणि जे सोयीचं असतं तेच चुकीचं असतं. पाचव्या फेरीत माणूस आपली चूक अधिक सफाईने करायला शिकतो. सुधारायचंच असेल तर एका फेरीच्या पैशांत तासभर प्रशिक्षक घ्यावा आणि तो सांगेल ती एक गोष्ट ऐकावी. अमेरिकेत जे पुरुष आपला हँडिकॅप नियमित नोंदवतात त्यांची सरासरी चौदाच्या आसपास आहे, आणि हे नोंदवणारे लोक म्हणजे खेळाचे भक्त. त्यांनाही आयुष्यभर खेळून जे साधलं नाही, ते आपल्याला गुरुवार ते रविवारात साधेल असं मानणं याला आत्मविश्वास म्हणत नाहीत.

गटाचाही विचार केला पाहिजे, कारण सहलीत खरी परीक्षा मैत्रीची असते. चौघांत एक बरा खेळणारा असतो, दोघं बेताचे आणि एक जो सहलीसाठी म्हणूनच खेळ शिकला. प्रत्येक फटका मोजत बसलात तर चौथा माणूस चौथ्या होलापर्यंत मनातून घरी गेलेला असतो. यावर फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरने उपाय काढून ठेवलाय. लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी क्लबवर १९३२ मध्ये त्याच्या पद्धतीने स्पर्धा झाली. त्यात फटके मोजण्याऐवजी होलागणिक गुण मिळतात. होल हाताबाहेर गेला की शून्य गुण लिहायचे, चेंडू उचलायचा आणि गाडीत बसून इतरांची फजिती बघायची. डॉक्टरच तो, पथ्य बरोबर सांगून गेला. पैजा लावायच्या तर रात्रीच्या जेवणाच्या बिलापुरत्या. आणि एकाच फटक्यात चेंडू भोकात गेला तर ज्याचा गेला त्यानेच सगळ्यांना पाजायचं, अशी या खेळातली जुनी रीत आहे. हौशी खेळाडूला तो योग हजारो होलांत एकदा येतो. तेवढी जोखीम मराठी माणूसही घेऊ शकतो.

तिसरा आक्षेप असा की मग उरलेल्या वेळात करायचं काय. या गावात हा प्रश्न पडणं म्हणजे पंगतीत बसून उपाशी राहणं. राज्याची सीमा ओलांडून लगेच नॉर्थ कॅरोलायनात कॅलबॅश नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या पद्धतीने पातळ आवरणात झटपट तळलेली कोळंबी आणि मासे सगळ्या किनाऱ्यावर मिळतात. दक्षिणेला मरेल्स इनलेटला खाडीच्या काठावर हारीने खानावळी आहेत. त्याच्या पलीकडे ब्रुकग्रीन गार्डन्स, हंटिंग्टन दांपत्याने तीसच्या दशकात उभी केलेली शिल्पांची बाग. ती जुन्या भातशेतीच्या जमिनींवर आहे. पॉलीज आयलंडचा कॅलेडोनिया हा देखणा कोर्सही भातशेतीच्याच मळ्यावर १९९४ मध्ये झाला. ही शेती आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या कष्टावर आणि त्यांच्या भातशेतीच्या ज्ञानावर उभी होती. ओकच्या झाडांखालून गाडी आत जाते तेव्हा हे कोणी सांगत नाही. बागेत थोडं हिंडलं की कळतं. कोकणातल्या खाचरांची ओळख असलेल्या माणसाला तिथे भरती-ओहोटीवर पाणी घेण्याची युक्ती बघण्यासारखी वाटेल. आणि संध्याकाळी मिनी गोल्फ आहेच. गावात त्याची तीसहून अधिक मैदानं आहेत. त्यांत ज्वालामुखी धूर सोडतात, चाच्यांची गलबतं डुलतात, डायनासोर दात दाखवतात. तिथे फक्त पट मारायचा असतो, तासाभरात खेळ संपतो, हरवायला चेंडू एकच असतो, आणि आठ वर्षांची पोर आपल्याला हरवते. गोल्फमधला जेवढा भाग माणसाला सोसतो, तेवढाच काढून या लोकांनी वेगळा विकायला ठेवलाय.

शेवटचा आक्षेप भावनेचा, म्हणून सगळ्यात चिवट. एवढ्या लांब आलो, पुन्हा कधी येणार? या प्रश्नावर हे सबंध गाव हसेल, कारण ते परत येणाऱ्यांवरच जगतं. एकदा आलेली चौकडी पुढच्या वर्षी आठजण घेऊन येते, त्यापुढच्या वर्षी बारा, आणि मग त्या सहलीला नाव पडतं, टोप्या छापल्या जातात, खजिनदार नेमला जातो आणि यथावकाश दोन गट फुटून वेगवेगळी पॅकेजं घेतात. जो पहिल्याच खेपेला सगळं ओरपतो त्याला पुढच्या वर्षी 'चल' म्हटलं की आधी पाठ आठवते. जो दोन फेऱ्या खेळून, पोटभर कोळंबी खाऊन, एखादा कोर्स बाहेरून बघून परत येतो, तो जानेवारीतच तारखा विचारू लागतो. ज्यांचा हँडिकॅप एक आकडी आहे किंवा ज्यांचं वय पंचविशीच्या आत आहे, त्यांना माझा सल्ला लागू नाही. त्यांनी खुशाल दिवसाला ३६ होल खेळावेत. बाकीच्यांनी पॅकेजच्या बाईला फोनवर सांगावं की चार रात्री आणि दोन फेऱ्या. ती क्षणभर थांबेल आणि 'दिवसाला दोन ना?' म्हणून खात्री करून घेईल. तेव्हा न डगमगता 'एकूण दोन' म्हणावं आणि त्या दोन बिअरचं काय, तेवढं मात्र आवर्जून विचारावं.